छपराची पितळी मूठ

४ जून

माझ्या भिंगरे,

तुझ्या कंपनीचं पुस्तक काल आलं. पोस्टमनला दारातच थांबवलं आणि पाकीट त्याच्यासमोर फाडलं. तुझी आई मागून ओरडतेय, "अहो आई, कात्रीने कापा, आत काय असेल कोण जाणे!" मी म्हटलं, आत माझी नात आहे, कात्री लागेल तिला.

आणि आहेस की गं आत! केवढा फोटो, दोन्ही पानं भरून. देशोदेशीची ऑफिसं सांभाळणारी सगळी मोठी माणसं काळे कपडे घालून उभी. तुम्ही आर्किटेक्ट लोक एवढं काळं का घालता? जन्मभर दुसऱ्याच्या भिंतींना रंग सुचवायचे आणि स्वतः उभं राहायचं सुतकात असल्यासारखं. असो. तर त्या सगळ्यांच्या पुढे, अगदी मधोमध, तू. तुझे थोरले साहेबसुद्धा कडेला. म्हणजे झालं ना? मिळाली ना खुर्ची?

मी सगळ्यांना सांगून टाकलं. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. दातांच्या डॉक्टरला तर त्याचं हत्यार तोंडात असतानाच सांगितलं. त्याला काय कळलं देव जाणे, म्हणाला, "दुखतंय का?"

आता एकच विचारते. ती पितळी मूठ तुझ्या हातात आली का? तूच मागे सांगितलं होतंस, गिऱ्हाइकाला इमारतीचं लहानसं मॉडेल दाखवताना त्याचं छप्पर झाकणासारखं उचलून आतलं दाखवतात, आणि उचलायचा मान एकट्या मुख्य साहेबाचा. मॉडेल कुठलंही असो, मूठ तीच, छपरात फिरवून बसवायची. थोरले साहेब आपल्याकडे जेवायला आले होते ना, तेव्हा ओट्याशी उभं राहून म्हणाले होते, "आजी, मी निवृत्त झालो की ही मूठ तुमच्या नातीची." मी विसरले नाही. औषधाची वेळ विसरते, पण हे नाही.

आमच्याकडे मात्र मोठ्या पातेल्याच्या झाकणाची मूठ अजून तुटलेलीच आहे. तुझा बाबा "बसवतो, बसवतो" म्हणतो. रोज फडकं घेऊन उचलते आणि रोज बोट भाजून घेते. घरात आर्किटेक्ट असून ही तऱ्हा.

लगेच लिही. मोठ्या अक्षरात लिही.

तुझी आजी


१३ जून

आजी,

पुस्तक मिळालं हे बरं झालं. फोटो बरा आलाय. इथे कामाची गडबड आहे, एका नव्या दवाखान्याचं डिझाइन पुरं करायचं आहे. मूठ देण्याचा समारंभ अजून व्हायचाय. दातांच्या डॉक्टरला एवढ्यात आणखी काही सांगू नकोस. गोळ्या वेळेवर घे. बाबाला म्हणावं, झाकण नीट कर.

भिंगरी


२२ जून

भिंगरे,

हे काय पत्र आहे? विजेच्या बिलावर याहून जास्त मजकूर असतो. "गोळ्या वेळेवर घे" असं माणूस कधी लिहितं? खरं काही लिहायचं नसतं तेव्हा.

मग मी पुस्तक पुन्हा काढलं. फोटोच्या पुढच्या पानांवर एकेकाची माहिती दिलीय. तुझी आई म्हणाली, याला कारकीर्द म्हणतात. म्हटलं, बघू तरी कारकीर्द कशी असते. बोट ठेवून ठेवून वाचत गेले. एका चष्मेवाल्याची कारकीर्द एवढी लांब, की मधे उठून पाणी प्यायले. याने हे बांधलं, त्याने ते उभारलं. वाचता वाचता ग्रंथालय आलं. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाचायचं असतं, ते ग्रंथालय. बाजूला चित्र.

अगं, ते तर तू काढलंस! आपल्या पुढच्या खोलीत फरशीभर कागद पसरून. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून चालत होतो, पाल चालते तसे. तुझ्या बाबाने कागदावर चहाचा कप ठेवला आणि गोल डाग पडला. मी म्हटलं, आता ही रडणार. तू रडली नाहीस. डागाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "इथे गोल खिडकी छान दिसेल." ती गोल खिडकी त्या चित्रात आहे, आणि वर नाव चष्मेवाल्याचं. चहा आमचा, कागद तुझा आणि खिडकी त्याची?

आणि तुझ्या नावाखाली दोन ओळी. "अनेक प्रकल्पांना मोलाचं साहाय्य." साहाय्य! हात धुवायला पाणी ओततात, त्याला साहाय्य म्हणतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय. शेजारीण विचारत होती, नातीचा पगार वाढला का. तिला म्हटलं, तुझ्या तोंडाला कुलूप घाल. बिचारीचा काही दोष नव्हता.

आता खरं सांग. आणि गोळ्यांबद्दल एक शब्द लिहू नकोस.

आजी


२ जुलै

आजी,

ठीक आहे. ऐक मग खरं.

मला मधोमध उभं केलं कारण मी बुटकी आहे. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, पुढे या, मागे दिसणार नाही." बस्स. एवढीच माझी बढती. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं, पण तू फोटोवर एवढी खूश झालीस आणि मला तुझी खुशी मोडवेना.

मूठ चष्मेवाल्याला मिळतेय. आम्ही त्याला पाठीमागे जावईबापू म्हणतो. कोणाचा जावई, असं विचारू नकोस, कोणाचाच नाही. पण तो खोलीत आला की चार जण खुर्ची पुढे करतात, पाचवा पंखा वाढवतो, आणि तो काही न करता नुसता बसतो. थोरल्या साहेबांना वाटतं, हाच रुबाब.

साहेबांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "तू या ऑफिसचा पाया आहेस. आणि पाया कधी दिसतो का?" मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. आणि मी काय केलं, माहितेय? मीही हसले. आजी, त्यांच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या हसण्याचा राग येतोय. इतकी वर्षं हेच केलं. डिझाइन मी करायचं, पुढे होऊन छप्पर त्यांनी उचलायचं, टाळ्या त्यांना, आणि मी भिंतीशी उभी राहून हसायचं. परदेशातली तीन ऑफिसं मी उभी केली. टेबलं लावण्यापासून माणसं शिकवण्यापर्यंत. जावईबापूला स्केल धरायला मी शिकवलं. तो उलटा धरायचा.

घरी येते आणि भांडी आपटते. काल कपाचा कान तुटला. आज बशी.

आता पुढचं ऐक. तो दवाखाना आहे ना, तो बाळंतिणींचा आहे. तुझं दुधाचं शिंकं आठवतं? मांजर पोचू नये म्हणून आढ्याला टांगलेलं? दवाखाना तसा आहे. दोन बाजूंना दोन भक्कम मनोरे, त्यांवर आडवं टेकलेलं जाड छप्पर, आणि सगळे मजले त्या छपराला पोलादी सळ्यांनी टांगलेले. खाली एक खांब नाही. सगळी मोकळी जागा. खाट कुठूनही कुठेही न्या, घरच्यांनी सावलीत बसा, गाडी थेट आत आणा. आजवर केलेल्यात मला सगळ्यांत आवडलेलं काम आहे हे.

मॉडेलही मी तसंच बनवून घेतलंय, बारीक तारांनी टांगलेलं. म्हणजे याचं छप्पर हे झाकण नाहीच. ते उचललं की सगळे मजले त्याच्यासोबत वर येणार. हे जावईबापूला सांगायला मी मीटिंग ठेवली, तो आला नाही. पुन्हा ठेवली, फोनवर बोलत निघून गेला. शेवटी जिन्यात गाठलं. म्हणाला, "छप्पर कसं उचलायचं हे आता तू मला शिकवणार?" साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याचा पहिलाच दिवस आहे, मोडता घालू नकोस."

नाही घालत. दवाखान्याची माणसं येतील, तो मूठ बसवेल, आणि मी शेवटच्या खुर्चीत गप्प बसणार आहे. उचल म्हणावं. बघू दे सगळ्यांना.

भिंगरी


११ जुलै

माझ्या लाडक्या भिंगरे,

तुझं पत्र तीनतीनदा वाचलं आणि मला इतका आनंद झालाय, की तुझी आई विचारतेय, लॉटरी लागली का. अगं, तुला राग आला! शेवटी आला! कपाचा कान तुटला वाचलं आणि मी टाळी वाजवली. बशीला तर आणखी एक. लागतील तेवढे कप मी पाठवते, फोड.

मला वाटलं होतं, माझा राग माझ्याबरोबरच जाणार. तुझ्या बाबाकडे तो नाही, तो भाजीवाल्यालाही "माफ करा" म्हणतो. तुझी आई रागावली की नुसती कपाट आवरते. आणि तू तर शाळेपासूनच गुणाची. सगळे म्हणायचे, किती शांत मुलगी, बरं झालं आजीवर नाही गेली. माझ्यासमोर म्हणायचे, मेले.

पण मला ओट्याची गोष्ट ठाऊक होती. तुला आठवते का बघ. हे घर बांधलं तेव्हा तुझ्या आजोबांनी स्वयंपाकाचा ओटा स्वतःच्या कमरेच्या मापाने बांधून घेतला. ते ताडमाड, मी ही एवढीशी. स्वयंपाक कोण करणार? मी. कांदा चिरायला घेतला की सुरी हनुवटीपाशी यायची. मी गोड बोलून सांगितलं. मग रुसून सांगितलं. ते म्हणायचे, "पायाखाली पाट घे." कितीतरी वर्षं मी पाटावर उभी राहून रांधलं. एक दिवस पाट सरकला आणि मी उकळत्या भाजीसकट खाली आले. उठले, भाजी पुसली, माळ्यावरचा हातोडा काढला आणि ओटा फोडला. सगळा. आजोबा घरी आले, म्हणाले, "ओटा कुठे गेला?" मी म्हटलं, "तुमच्या कमरेला बांधायला नेलाय."

आणि तू तेव्हा दारात उभी होतीस, तोंडात बोट घालून. मला वाटलं, लेकरू घाबरलं. जवळ घेतलं, तर कानात काय म्हणालीस? "आजी, अजून एकदा मार ना." मी त्याच दिवशी ओळखलं, ही माझी आहे.

नवा ओटा माझ्या मापाचा झाला. तेव्हापासून या घरात उंच माणसं वाकतात. तुझे थोरले साहेबसुद्धा त्या ओट्याशी वाकूनच उभे होते, मूठ तुझी म्हणून सांगताना. वाकून दिलेला शब्द सरळ उभं राहिल्यावर विसरले.

आता शेवटचं. तुझ्या पत्राचं शेवटचं पान वाचून मी ते ओट्यावर आपटलं. गप्प बसणार? शेवटच्या खुर्चीत? याला तू राग म्हणतेस? हा राग नव्हे गं, हा रुसवा आहे. तुझ्या आईचं कपाट आहे हे! त्याने उचललं तर मोडेल काय? त्याची मूठ? मोडेल तो तुझा दवाखाना. तुझा बाबा झाला तेव्हा माझी खाट एका जाड खांबाला लागून होती. आजोबा खांबापलीकडे बसलेले, मला त्यांचं नुसतं कोपर दिसायचं. कोपराकडे बघत मी कळा काढल्या. तू बिनखांबाचा दवाखाना काढतेस, आणि तो मोडताना बघायला खुर्चीत बसणार?

ओरड. चार लोकांत ओरड. त्याने ऐकलं नाही तरी तू ओरडलेली तर असशील. शब्द सुचला नाही, तर नुसतं "ए" म्हण. मी जन्मभर त्यावर भागवलंय.

झाकणाची मूठ अजून तशीच.

तुझी आजी


९ ऑगस्ट

आजी,

मी "ए" म्हणाले.

मुद्दाम ठरवून नाही. मी खरंच शेवटच्या खुर्चीत होते, तोंड शिवून. समोर दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची माणसं, बाजूला साहेब, मधे टेबलावर माझं मॉडेल. सकाळीच समारंभ करून साहेबांनी जावईबापूला मूठ दिली होती. त्याने ती छपरात बसवली, फिरवली, रुमालाने पुसली. तुझं ते कोपर माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि मी उभी राहून ओरडले, "ए! हात काढ!"

सगळे वळले. त्याने हात काढला नाही. हसून डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "आमच्या सहकारी कामाच्या बाबतीत जरा भावनिक आहेत." आणि उचललं.

आजी, अख्खा दवाखाना वर आला. दोन मनोरे टेबलावर राहिले आणि मधले सगळे मजले तारांना लोंबत त्याच्या हातात. लहान लहान खाटा, लहान लहान नर्सा खाली पडायला लागल्या. एक नर्स साहेबांच्या कॉफीत पडली. जावईबापूचा चेहरा असा झाला, जणू शिंक्यापाशी पकडलेलं मांजर. खाली ठेवावं तर मजले चुरगळणार, धरून ठेवावं तर हात भरून येणार. दुसरा हात छपराखाली घातला आणि तसाच उभा राहिला.

मी पुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा भिंत सोडून टेबलापाशी गेले. त्याला म्हटलं, "हलू नकोस. आता तू खांब आहेस. या इमारतीतला एकुलता एक."

आणि मग मी सगळं समजावलं. त्याच्याभोवती फिरून, त्याच्या कोपराखालून हात घालून. वजन छपरावर कसं जातं, छपरातून मनोऱ्यांत कसं उतरतं, खाली जमीन मोकळी का राहते. शिंक्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, वाकून लोंबत्या मजल्यांच्या खालून बघायला लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे इथे खाली काहीच नाही?"

"काहीच नाही."

"खाट वळवताना कशाला आपटायची नाही?"

"कशालाच नाही."

जावईबापू कानाशी कुजबुजला, "हात दुखतोय." मी म्हटलं, "दुखू दे." हे जरा मोठ्याने बोललं गेलं. डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. म्हणाल्या, "हाच बांधा." मग मॉडेल बनवणाऱ्या दोघांनी येऊन तारा कापल्या आणि जावईबापूला मोकळं केलं.

इथे संपलं असतं तर मी तुला हसत पत्र लिहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या देशांतल्या सगळ्या ऑफिसांना निरोप गेला. "नव्या प्रमुखांनी पहिल्याच सादरीकरणात संपूर्ण इमारत स्वतःच्या हातांनी उचलून धरण्याची अभिनव कल्पना मांडली आणि काम मिळवलं." अभिनव कल्पना! तो घामाघूम होऊन उभा होता! माझं नाव कुठेच नाही. साहाय्य म्हणूनसुद्धा नाही.

मी साहेबांच्या काचेच्या खोलीत गेले. दार लावलं नाही.

"हे कोणी लिहिलं?"

"अगं, बस. नावाचं काय एवढं? काम कंपनीला मिळालं ना? आपण एक कुटुंब आहोत."

"मग त्या कुटुंबात मी आजीवर गेलेय, साहेब."

त्यांना कळलं नाही. मी सांगत बसले नाही. मी म्हटलं, ग्रंथालय माझं आहे. त्यातली गोल खिडकी माझ्या बाबाच्या चहाची आहे. ती तीन ऑफिसं मी उभी केलीत. पुस्तक नव्याने छापा, ज्याचं काम त्याच्या नावावर घाला, मूठ द्या किंवा नका देऊ. ते म्हणाले, "इतक्या रागात निर्णय घेऊ नयेत." मी म्हटलं, "हसत हसत घेतलेले सगळे चुकले, म्हणून आता रागात घेऊन बघतेय." सगळं ऑफिस काचेतून बघत होतं. जावईबापू पाणी प्यायला आला होता, तो ग्लास घेऊन तसाच उभा राहिला. त्याला उभं राहायची सवय झाली असावी.

राजीनामा दिला. आजी, आई कपाट आवरते तशी मी सारखी काहीतरी आवरत बसते. या वयात, हातात दुसरं काम नसताना राजीनामा. पण हसले नाही. एकदाही हसले नाही.

पाकीट जड का आहे, ते कळलं असेल. निघताना मॉडेलपाशी गेले. मोडलेलं छप्पर तिथेच पडलं होतं, मूठ त्याच्यातच होती. फिरवून काढली आणि खिशात टाकली. चोरी म्हण हवं तर. त्यांनी तुझ्या ओट्याशी ती मला दिली होती, मी फक्त उचलली. तुझ्याकडे ठेव. मी सामान बांधून मागोमाग येतेय.

भिंगरी


३० ऑगस्ट

आदरणीय आजी,

आपण मला ओळखालच. आपल्या घरी जेवलो होतो, ती चव विसरलो नाही.

आपली नात माझ्या पत्रांना उत्तर देत नाही, म्हणून आपल्याला लिहीत आहे. आमच्या संस्थेत ती लहानाची मोठी झाली. किरकोळ गैरसमजातून तिने टोकाचं पाऊल उचललं. आता दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, की ज्यांनी समजावलं त्याच बांधणार असतील तर करार करू, नाहीतर नाही. तेव्हा तिला सांगा, मी मोठ्या मनाने तिला प्रमुखपद देऊ करत आहे. अर्थात नव्या प्रमुखांच्या जोडीने. दोघांनी मिळून छप्पर उचलावं.

आपण वडीलधाऱ्या आहात, तिला राग आवरायला सांगा. आपलं ती ऐकते.

आणखी एक. आमची परंपरेने चालत आलेली पितळी मूठ सापडत नाही. ती चुकून तिच्या सामानात गेली असल्यास कृपया परत पाठवावी.

आपला,
थोरला साहेब (आपल्या नातीच्या भाषेत)


७ सप्टेंबर

साहेब,

तुमचं पत्र पोचलं. नात समोर फरशीवर कागद पसरून बसलीय, आम्ही पुन्हा भिंतीला पाठ लावून चालतोय. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिने मान वर केली नाही, म्हणाली, "तूच लिही, मला हे जिने संपवायचेत." म्हणून मी लिहितेय.

तिला राग आवरायला सांगा म्हणता. राग यायला तिला किती वर्षं लागली, तुम्हाला काय माहीत! आता कुठे आलाय, आणि मी आवरायला सांगू? मी रोज सकाळी तिला विचारते, आहे ना अजून? ती म्हणते, आहे. मग आम्ही चहा घेतो.

किरकोळ गैरसमज म्हणता. दुसऱ्याचं ग्रंथालय उचलून आपल्या कारकिर्दीत घालायचं, हा गैरसमज? माझ्या वाळत घातलेल्या साड्या शेजारणीने आपल्या दोरीवर घातल्या तर मी तिला काय म्हणेन, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. आणि मोठ्या मनाने देताय! तिचं तिला परत द्यायला मन कशाला लागतं मोठं? लाज लागते थोडी, तीही तुमच्याकडे दिसत नाही.

जोडीने छप्पर उचला म्हणता. साहेब, त्या छपराला हात लावायचा नसतो, हेच तर ती सगळ्यांना सांगत होती! अजूनही तुमच्या डोक्यात शिरलं नाही. टेबलावर नर्स तुमच्या कॉफीत पडली तरी नाही शिरलं.

तर ती येणार नाही. डॉक्टरीणबाई गेल्या आठवड्यात आमच्याकडे येऊन गेल्या. उंच आहेत, ओट्याशी वाकून बोलल्या. पण त्या वाकून बोलल्या तेच सरळ उभं राहूनही बोलल्या, मी मुद्दाम दारापर्यंत जाऊन ऐकलं. दवाखाना माझी नातच बांधणार. स्वतःच्या नावाने. तुमच्याकडच्या मॉडेलवाल्या त्या दोघांनी तिला विचारलंय, आम्ही येऊ का. ती म्हणाली, या, पण काळे कपडे घालू नका.

तुमच्या पुस्तकाचं बघा. ते नव्याने छापा. तिची खिडकी तिच्या नावाखाली घाला. फोटोत तिला मधोमध उभं करायची काही गरज नाही, नसली तरी चालेल. खाली खरं लिहिलेलं असलं म्हणजे पुरे. नाही छापलंत, तर मी तुम्हाला दर महिन्याला पत्र लिहीन. मला वेळच वेळ आहे, आणि माझ्याकडे रागाचा तुटवडा नाही.

राहता राहिली मूठ. सापडत नाही म्हणता, तर सांगते कुठे आहे. आमच्या मोठ्या पातेल्याच्या झाकणावर आहे. माझ्या मुलाने शेवटी बसवली, नातीने भोक पाडून दिलं, आणि अशी बसलीय की जणू त्यासाठीच ओतली होती. बोटं भाजायची थांबलीत. परत मिळणार नाही. तुम्ही ती माझ्या ओट्याशी देऊन गेला होतात, ती ओट्याशी आली.

तुम्हाला बघायची असेल तर या. जेवायला घालीन, आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाही मी. ओट्याशी वाकून उभे राहा. पण झाकण मी उचलणार.

भाजी उकळतेय, उठते.

भिंगरीची आजी